कुकर बंद करायचा का? आधी बिलबुकं काढा

पत्र : आमचा कुपवाड एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. हळद शिजवायचे वाफेचे कुकर आणि पॉलिशचे ड्रम आम्ही बनवतो. चौदा माणसं कामाला आहेत, सगळं आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, उभं केलं. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरी करत होते, आता परत आलेय. तीन हंगामांपूर्वी साठाच्या आसपास कुकर गेले होते, यंदा कसेबसे पस्तीस. पुण्यातला चुलतभाऊ सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर आहे. त्यानं कागदावर टेकडीसारखी रेघ काढली आणि म्हणाला, तुमचा कुकर उताराला लागलाय, बंद करा, पूर्ण स्वयंचलित मोठं युनिट काढा. आण्णा म्हणतात, माल चांगला आहे, बाजार फिरेल. हिंगोली-वसमतकडून फोन येतात, पण तिकडं सर्व्हिस कोण देणार म्हणून आण्णा नको म्हणतात. प्रॉडक्ट मॅनेजमेंट म्हणजे नेमकं काय? आमच्यासारख्या ठिकाणी त्याचा उपयोग आहे का? कुकर बंद करायचा का? आणि मी त्यातला एखादा ऑनलाइन कोर्स करू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर :

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण घरात त्यावरूनच सगळं अडलंय असं पत्रातून दिसतं. कुकर बंद करू नका. निदान त्या रेघेकडं बघून तरी मुळीच करू नका. भावाला आकृती बरोबर माहीत आहे, पण तुमचा कुकर त्या रेघेवर कुठं आहे हे त्यानं विक्रीच्या दोन आकड्यांवरून ठरवलं. तेवढ्यावरून ते ठरत नाही.

आता पहिला प्रश्न. मोठ्या कंपन्यांत उत्पादनाला धनी नसतो. डिझाइनवाले डिझाइन करतात, कारखाना बनवतो, विक्रीवाले विकतात, तक्रारी चौथ्याच खात्यात जातात. ही वस्तू कोणासाठी आहे, त्याची कोणती अडचण ती सोडवते, आपल्याला त्यात पैसा सुटतो का आणि पुढच्या वर्षी तिच्यात काय बदलायचं, हे चार प्रश्न एकत्र धरून बसणारा माणूस कोणीच नसतो. ते धरून बसायचं काम म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजमेंट. अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत 1931 साली नील मॅकेलरॉय नावाच्या तरुणाला हेच खुपलं. तो कॅमे साबणाचं काम बघायचा आणि कॅमे आपल्याच कंपनीच्या आयव्हरी साबणापुढं मागं पडत होता. त्यानं वरिष्ठांना तीन पानी टिपण लिहिलं : प्रत्येक ब्रँडला एक जबाबदार माणूस द्या, त्यानं कुठं माल खपतो आणि कुठं खपत नाही ते जागेवर जाऊन बघावं, कारण शोधावं, उपाय करावा आणि परिणाम मोजावा. प्रॉडक्ट मॅनेजमेंटची सुरुवात बहुतेक जण त्या टिपणापासून धरतात. पुढं हाच माणूस त्या कंपनीचा अध्यक्ष आणि अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. मला मात्र त्याच्या टिपणातलं जागेवर जाऊन बघणं सगळ्यात मोलाचं वाटतं.

तुमच्या कारखान्यात हे काम आजवर आण्णांनी केलं. कोणत्या गावातल्या कुकरवाल्याला (म्हणजे कुकर विकत घेऊन गावोगाव भाड्यानं हळद शिजवून देणाऱ्याला) काय लागतं, कोण उधारी बुडवतो, कोणत्या जाडीचा पत्रा कुठं लवकर खातो, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. ते लिहिलेलं नाही, एवढीच उणीव. चौदा माणसांच्या कारखान्यात या कामाला वेगळी खुर्ची लागत नाही, पण काम लागतंच. आणि ते विक्रीपेक्षा वेगळं आहे, वेळेत माल बाहेर काढण्यापेक्षाही वेगळं आहे. संक्रांतीच्या आधी वीस कुकर तयार झाले पाहिजेत हे बघणं फोरमनचं काम. ते वीस कोणत्या नमुन्याचे असावेत आणि का, हे ठरवणं तुमचं. यात एक अडचण तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटेल. या भूमिकेत हुकूम चालत नाही. वेल्डिंगवाल्या मिस्त्रींना तुम्ही मालकांची मुलगी म्हणून सांगाल तर ते मान डोलावतील आणि जुन्याच पद्धतीनं जोडतील. त्यांना एकदा शिजवणीच्या जागी घेऊन जा आणि त्यांनी जोडलेलं झाकण मजूर कसं उघडतो ते दाखवा. मग काय बदलायचं ते तेच तुम्हाला सांगतील.

आता त्या रेघेकडं येते. उत्पादनाच्या आयुष्याचे चार टप्पे सांगतात : प्रवेश, वाढ, परिपक्वता आणि उतार. सुरुवातीला कोणाला वस्तू माहीत नसते आणि माहीत झाली तरी भरवसा नसतो. मग चार जणांचं बघून चाळीस घेतात. मग बाजार भरतो, नकला निघतात, भाव खाली येतात. शेवटी लोक दुसऱ्या गोष्टीकडं वळतात.

पहिला टप्पा किती जिकिरीचा असतो हे आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. पुढं 1910 साली औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर गावोगाव पोचला. त्या पहिल्या दोन वर्षांत कोणी विक्रीचा आकडा बघून निर्णय घेतला असता, तर पलूस तालुक्यात आज ते गाव नसतं.

दुसरा टप्पा कसा येतो यावर शेतीतलाच एक जुना अभ्यास आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मक्याचं बियाणं शेतकऱ्यांनी कसं स्वीकारलं, ते रायन आणि ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी शोधलं. 1943 साली ते प्रसिद्ध झालं. बियाण्याची पहिली खबर बहुतेकांना विक्रेत्याकडून लागली होती, पण पेरायचं ठरलं ते शेजाऱ्याचं रान बघून. याच धर्तीवरच्या अभ्यासांतून एव्हरेट रॉजर्स यांनी 1962 साली वाटणी मांडली : शंभरातले अडीच अगदी धाडसी, नंतरचे साडेतेरा लवकर घेणारे, मग चौतीस, पुन्हा चौतीस आणि शेवटचे सोळा जण सगळ्यांनी घेतल्यावर घेणारे. हे टक्के गणिती वाटणीतून आलेत, ते सांगलीच्या हळदवाल्यांना जसेच्या तसे लावू नका. शेजाऱ्याचं रान बघून माणूस ठरवतो, एवढं मात्र घट्ट धरून ठेवा. हिंगोलीच्या फोनांकडं येईन तेव्हा तेच कामाला येईल.

आता तुमचे आकडे. साठ होते, पस्तीस झाले. समजा मिरज, तासगाव, वाळवा आणि आसपास मिळून तुमचे साडेतीनशे कुकर फिरताहेत आणि आण्णांचा एक कुकर दहा वर्षं टिकतो. म्हणजे दरवर्षी सरासरी पस्तीसच बदलायला येणार. साठाचं वर्ष हे नव्यानं धंद्यात उतरणाऱ्यांचं होतं, ती माणसं आता घेऊन झाली. या हिशोबात पस्तीस ही घसरण ठरत नाही. भरलेल्या बाजारात बदलीची मागणी एवढीच असते. आणि माल जितका टिकाऊ, तितकी ती कमी असते. मी धरलेले साडेतीनशे आणि दहा हे आकडे निव्वळ उदाहरणाचे आहेत. खरे आकडे तुमच्याच कपाटात आहेत.

म्हणून गेल्या पाच-सहा वर्षांची बिलबुकं काढा. प्रत्येक बिलापुढं पेन्सिलीनं लिहा : गिऱ्हाइकानं कुकर पहिल्यांदा घेतला की जुना बदलला, गाव-तालुका कोणता, किती सूट द्यावी लागली, पैसे रोख आले की उधारीवर. जे बिलावरून कळणार नाही ते आण्णांना विचारा, त्यांना आठवेल. शेजारी सुट्या भागांची वही ठेवा : गॅस्केट, व्हॉल्व्ह, प्रेशर गेज, झाकणाचे बोल्ट, ट्रॉलीचे टायर. नव्या कुकरची विक्री कमी झाली पण सुट्या भागांची वाढली, तर तुमची मशीनं रानात जोरात चाललीत. दोन्ही एकदम पडले तर लोक दुसऱ्याकडं जाताहेत किंवा शिजवणीचं कामच कमी झालंय. सूट वर्षागणिक वाढतेय तर शेजारच्या शेडमध्ये कोणीतरी तुमच्यासारखाच कुकर स्वस्तात बनवतोय. आणि एक वर्ष वगळून बघा : हळदीचा भाव पडलेल्या साली शेतकरी हात आखडतो, कुकरवालाही नवं मशीन पुढच्या सालावर ढकलतो. त्या एका वर्षावरून उतार ठरवणं घातक आहे.

विक्रीचा आकडा फसवतो याचं साताऱ्यातलं उदाहरण देते. महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी 1975 साली बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून काढली आणि साताऱ्याच्या कारखान्यातून प्रिया स्कूटर बाहेर पडू लागली. त्या परवाना काळात स्कूटरसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबत. विक्री मर्यादित होती ती परवान्यानं घातलेल्या मर्यादेमुळं, मागणी नव्हती म्हणून नव्हे. पुढं फोर-स्ट्रोक मोटारसायकली आल्या, पेट्रोल कमी पिऊ लागल्या आणि गिअरच्या स्कूटरचा खराखुरा उतार सुरू झाला. तो मात्र कोणत्याही सवलतीनं थांबणारा नव्हता, कारण लोकांचं तेच काम दुसरं वाहन अधिक स्वस्तात करत होतं. यातली मला आवडणारी गोष्ट पुढची आहे. स्कूटर बंद झाली, पण साच्यांचं कौशल्य तिथल्या हातांत होतं. त्या कंपनीनं साताऱ्यात डाय, जिग आणि फिक्श्चर, म्हणजे साचे आणि काम करताना भाग पकडून धरणारी साधनं, बनवायचं काम पुढं चालू ठेवलं. उताराचा टप्पा आला तर विचारायचा प्रश्न हा आहे : वस्तू संपली तरी आपल्या माणसांना काय येतं?

उलट बाजूही सांगते. 1976 साली ढल्ला आणि युस्पेह या दोघांनी या टप्प्यांच्या कल्पनेवर कडक टीका केली होती. त्यांचं म्हणणं असं, की कंपनी आधी ठरवते की वस्तू म्हातारी झाली, मग तिच्यावरचा खर्च तोडते आणि मग ती पडतेच. त्यांनी इपाना टूथपेस्टचं उदाहरण दिलं. मूळ कंपनीनं ती 1968 मध्ये सोडून दिली. मिनेसोटातल्या दोन व्यावसायिकांनी ते नाव उचललं, पाकीट तेच ठेवलं आणि जाहिरात जवळपास न करता पहिल्या सात महिन्यांत अडीच लाख डॉलरची विक्री केली. तुमच्या भावाला हे जरूर सांगा. त्याच्या धंद्यात जुनं सॉफ्टवेअर बंद करून गिऱ्हाइकाला नव्यावर नेता येतं. पत्र्याचा कुकर शेतात वर्षानुवर्षं उभा असतो आणि त्याच्यावर कोणाचं तरी पोट असतं.

आता जागेवर जाऊन बघण्याबद्दल, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं तिथंच आहेत. हंगाम संपलाय, तेव्हा प्रत्यक्ष शिजवणी बघायला पुढचं साल उजाडेल. तोवर चार-पाच कुकरवाल्यांच्या घरी जा. ‘मशीनमध्ये काय पाहिजे?’ असं विचारू नका. त्याला लोक विनयानं काहीतरी सांगतात, किंवा म्हणतात, स्वस्त करा. ‘यंदा शेवटची पाळी कोणत्या गावात झाली? सकाळी किती वाजता पेटवलं? कुठं थांबावं लागलं?’ असं विचारा आणि बोलू द्या.

आणि हंगामात एक अख्खा दिवस कुकरजवळ उभ्या राहा. घमेल्यांनी ओली हळद ड्रममध्ये पडते तेव्हा बाई किती उंच हात उचलते? झाकणाचे बोल्ट आवळायला एक माणूस लागतो की दोन? वाफ धरल्यावर शिजलंय की नाही हे कोण ठरवतो? बहुतेक ठिकाणी एक जाणता माणूस हळकुंड काढून बोटानं दाबतो किंवा त्यात काडी टोचून बघतो. तो माणूस जेवायला गेला की काय होतं तेही बघा. कमी शिजलं तर वाळल्यावर हळकुंड ठिसूळ होतं, जास्त शिजलं तर रंग बिघडतो आणि सौद्यात व्यापारी पहिल्यांदा रंगच बघतो. म्हणजे तुमच्या कुकरची परीक्षा शेतात होत नाही, पंधरा दिवस वाळवून पॉलिश झाल्यावर मार्केट यार्डात होते. रात्रीच्या पाळीत गेज दिसतं का? बांधावरून ट्रॉली ओढताना काय वाकतं? या बारक्या गोष्टींतून पुढच्या वर्षीचे बदल निघतात. मोठ्या स्वयंचलित युनिटच्या निम्म्या कल्पना कदाचित एक वेगळं झाकण आणि भरायला छोटा चढ यातच भागतील.

तिथं उभं राहिलं की आणखी एक कळतं : तुमचं गिऱ्हाईक एक नाही. पैसे देतो कुकरवाला, त्याला दिवसाला जास्त क्विंटल, कमी जळण आणि हंगामात बंद न पडणारं मशीन हवं. हळद शेतकऱ्याची, त्याला सगळा ढीग सारखा शिजलेला हवा. राबतात मजूर, त्यांना हात भाजायला नको आणि पाठ मोडायला नको. या तिघांत तंटा आला की निर्णय कोणाच्या बाजूनं, हे ठरवणं म्हणजेच या कामाचा गाभा आहे. सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र ठरवायला काहीच नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह स्वस्तातला घालून किंमत कमी करा असं बाजार म्हणाला तरी ऐकायचं नाही. तुमचं मशीन बाष्पके संचालनालयाच्या (राज्याच्या बॉयलर तपासणाऱ्या खात्याच्या) नियमांत कुठं बसतं, हे एकदा तिथं विचारून लेखी घेऊन ठेवा.

हिंगोली-वसमतच्या फोनांवर मी बराच विचार केला. माझ्या मते तुमच्या पत्रातलं ते सगळ्यात मोठं वाक्य आहे आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. गेल्या काही वर्षांत हिंगोली, नांदेड, परभणी पट्ट्यात हळद मोठ्या प्रमाणावर वाढली. तिकडं हळद संशोधन केंद्र आलं, वसमतच्या हळदीलाही सांगलीसारखं भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे जो कुकर मिरज तालुक्यात परिपक्वतेत आहे, तोच कुकर त्या पट्ट्यात अजून वाढीच्या टप्प्यात असू शकतो. आयुष्याचा टप्पा वस्तूला नसतो, त्या वस्तूला त्या बाजारात असतो. भावानं काढलेल्या एका रेघेऐवजी दोन काढा, एक सांगलीची आणि एक मराठवाड्याची.

आण्णांची शंका मात्र खरी आहे आणि ती टाळून पुढं जाऊ नका. रात्री फोन आला आणि सकाळी मिस्त्री पोचला, असं ते अंतर नाही. हंगामात कुकर चार दिवस बंद राहिला तर त्या माणसाचं वर्ष जातं आणि तुमचं नावही. म्हणून पहिल्या वर्षी मोजके, चार-पाचच कुकर द्या आणि तेही एकमेकांजवळच्या गावांत. तीन जिल्ह्यांत विखुरलेले पंधरा देऊ नका. इथं आयोवाचे शेजारी आठवा : जवळच्या गावांतले लोक येऊन बघतील आणि सर्व्हिसही एका फेरीत होईल. कुकर पाठवण्याआधी तिकडचा एक वेल्डर किंवा गॅरेजवाला शोधून त्याला आठ दिवस कुपवाडला बोलवा, जेवणाखाण्यासकट. त्याच्याकडं सुट्या भागांची एक पेटी कायम ठेवा. त्याच्या येण्याजाण्याचा, पेटीत अडकलेल्या पैशाचा आणि दुरुस्तीच्या हमीचा खर्च कुकरच्या किमतीत धरा. तो धरल्यावर किंमत तिकडच्या माणसाला परवडत नसेल, तर मग आण्णा बरोबर होते, असं मोकळेपणानं म्हणा.

हाच हिशोब सांगलीच्या कुकरलाही एकदा लावा. पत्रा, मजुरी, वीज एवढंच धरून नफा काढायची आपल्याकडं सवय आहे. उधारी सहा महिने अडकली त्याचं व्याज, फुकट केलेल्या दुरुस्त्या आणि त्यासाठी गेलेलं डिझेल मिळवलं, की कोणता नमुना पोसतो आणि कोणता खातो ते कळतं. परिपक्व बाजारात पैसा बऱ्याचदा नव्या विक्रीबाहेर असतो : दिवाळीनंतर जुन्या कुकरची ठरावीक दरात तपासणी आणि गॅस्केट बदलणं, जुना परत घेऊन नीट करून हमीसह विकणं. या दोन गोष्टी तुमच्याइतक्या चांगल्या कोणी करू शकणार नाही, कारण मशीन तुमचंच आहे.

स्वयंचलित युनिटला माझा विरोध नाही. पण तुमच्या धंद्यात वर्षातून एकदाच परीक्षा होते. अक्षय तृतीयेच्या सुमारास लागण, संक्रांतीपुढं काढणी आणि शिजवणी, मग सौदे. सॉफ्टवेअरमध्ये भाऊ आज बदल करून पुढच्या आठवड्यात परिणाम बघतो, तुमची हुकलेली तारीख एका वर्षानं परत येते. म्हणून पावसाळ्यात चित्र काढा, दसऱ्यापर्यंत एकच नमुना उभा करा, डिसेंबरात कारखान्यात पाण्यावर आणि थोड्या हळदीवर चालवून बघा आणि हंगामात तुमच्या ओळखीच्या एकाच चोखंदळ कुकरवाल्याला भाडं न घेता द्या. अट एवढीच, की रोज किती शिजलं, किती जळण लागलं, कुठं थांबलं हे त्यानं लिहायचं. आणि मशीन बाहेर पडायच्या आधी तुम्ही आणि आण्णा मिळून कागदावर लिहून ठेवा : इतके क्विंटल, इतकं जळण, इतक्या मजुरांत झालं तर पुढं जायचं, नाही तर थांबायचं. हंगाम संपल्यावर ठरवायला बसलं की जीव गुंतलेला असतो आणि वाईट आकडेही बरे दिसू लागतात.

कुकर कधी बंद करायचा, हेही तुम्हाला कधीतरी ठरवावं लागेल. त्याची खूण सांगलीजवळच्या हरिपूरला आहे. तिथली पेवं तुम्ही लहानपणी बघितली असतील. जमिनीखालच्या त्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षं चांगली राहायची आणि सांगलीच्या पेठेचा तो मोठा आधार होता. 2005 च्या महापुरात पेवांचं अतोनात नुकसान झालं आणि साठवण गोदामं, शीतगृहांकडं सरकली. हळद साठवायची गरज तसूभरही कमी झाली नाही, ती पुरवणारी वस्तू बदलली. तुमच्या बाबतीत नजर ठेवायची ती शिजवणीच्या गरजेवर. उद्या शेतकरी ओली हळदच थेट कारखान्याला देऊ लागला, तर गावोगाव फिरणाऱ्या कुकरचा उतार खराच सुरू होईल. त्या वेळी गिरवायचा धडा असा : दोन हंगाम आधी सांगा, शेवटचा कुकर विकल्यावरही काही वर्षं गॅस्केट आणि व्हॉल्व्ह मिळतील अशी लेखी हमी द्या आणि पाळा. पुढचं जे काही तुम्ही विकाल, ते याच माणसांना विकायचं आहे.

आण्णांशी बोलताना आलेख बाहेर काढू नका. बिलबुकं घेऊन बसा, त्यांना नावं विचारत जा, ते सांगतील तसं लिहीत जा. दोन-तीन संध्याकाळी जातील. ‘यातले बदलून घेणारे किती?’ हा प्रश्न त्यांनाच मोजू द्या. ज्यांनी शून्यातून गावोगाव माल पोचवला त्यांना आकडा स्वतः दिसला की ते तुमच्याआधी निर्णयाला येतील.

कोर्सचं विचारलंय. आता नको. आलेल्या फोनांची नावं आणि गावं आधी एका वहीत उतरवा आणि या महिन्यात त्यांतल्या प्रत्येकाला परत फोन करा : सध्या हळद कशात शिजवता, भाडं काय पडतं, कुकर बंद पडला तर कोण दुरुस्त करतं. पुढचा हंगाम आटोपल्यावर, मे-जूनमध्ये, कोर्स करायचा वाटला तर किंमत ठरवणं आणि खर्चाचा हिशोब शिकवणारा निवडा. गिऱ्हाइकांशी बोलणं त्यात शिकवतात तेवढं तुम्ही तोवर शिकलेल्या असाल.